आठव्या घरातला मंगळ

१

कोठीचं दार मोडलं तेव्हा आधी धूर बाहेर आला आणि मग दिसला तो दादाचा हात. दाराच्या आतल्या बाजूला, मूठ असते त्या उंचीवर नखांच्या खुणा होत्या. त्या मी पाहायला नको होत्या, असं अण्णा नंतर म्हणाला. पण पाहिल्या.

आमचं चष्म्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे काचा घासायची खोली, तिला लागून बिनखिडकीची कोठी, आणि वर आम्ही राहायचो. दादा काचा घासायचा, मी गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे. वडिलांनी दुकान आम्हा बहीणभावांच्या नावावर केलं होतं. दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, घर सांभाळायची. अण्णा हा आमचा जुना कारागीर. आणि गल्ल्यावर बसायचा वहिनीचा धाकटा भाऊ. त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणायचे, कारण पाहुणा म्हणून आला तो गेलाच नाही. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. गिऱ्हाइकांना तोच हसून सांगायचा, “मी इथला कायमचा पाहुणा!”

फौजदार आले, बघून गेले. फ्रेम वाकवायचा हीटर कोठीत स्पिरिटच्या डब्यांशेजारी चालू राहिला होता. दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि आतली मूठ निखळून जमिनीवर पडली होती.

“जुनी मूठ,” फौजदार म्हणाले. “अपघात.”

“पण साहेब, हीटर कधी कोठीत नेत नाही आम्ही,” मी म्हणाले. “दादा तर स्पिरिटजवळ उदबत्तीसुद्धा लावू द्यायचा नाही.”

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग मी त्यांना तो कागद दाखवला.

आदल्या दिवशी तो दादाच्या टेबलावर, काचा पुसायच्या फडक्याखाली सापडला होता. दादाची जन्मपत्रिका. आमच्या घरी येणाऱ्या ज्योतिषबाईंनी लिहिलेली, देवघराच्या कपाटात असायची ती. तिच्यातल्या मंगळाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं आणि खाली पाटीवर गिरवतात तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आठव्या घरात मंगळ. आगीने मृत्यू.’ काचेवर मध्य आखायला आम्ही जी लाल पेन्सिल वापरतो तिनंच. तशा पेन्सिली दुकानात कुठंही पडलेल्या असायच्या.

दादा तो कागद बघून हसला होता. “बाईंना विचारीन सवडीनं,” म्हणाला होता.

फौजदारांनी कागद उलटसुलट केला. “अहो ताई, ग्रहांना बेड्या घालायची सोय नाही आमच्याकडे,” ते म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर मी दुकान बंद करायला डोळे तपासायच्या खोलीत गेले. खुर्चीवर एक कागद होता. माझी पत्रिका. वर्तुळ या वेळी चंद्राभोवती होतं.

‘आठव्या घरात चंद्र. पाण्याने मृत्यू.’

२

ज्योतिषबाई एकट्या राहायच्या. बाजारामागच्या बोळात, शिंप्याच्या दुकानावर. मी गेले तेव्हा त्या खिडकीशी बसून परकराचा काठ शिवत होत्या. दादा गेल्यापासून त्यांच्याकडे येणं लोकांनी सोडलंच होतं. बोळाच्या तोंडाशी दोघीजणी मला बघून कुजबुजल्या, “हिच्या भावाचं मरण त्या बाईनं आधीच सांगितलं होतं म्हणे.”

बाईंनी सुई टोचून ठेवली. माझ्या हातातला कागद घेतला, दुसरा घेतला, दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. तो चष्मा दादानंच केला होता. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, बंद होत होतं, चालू होत होतं.

“बाई, खरं सांगा. मी मरणार आहे का?”

“सगळेच मरणार आहेत गं. तू आत्ता नाही.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “मला एक सांग. ही पत्रिका मी लिहिली, खरं. पण ही दोन वाक्यं मी कधी बोलले, असं कुणी तुझ्या कानावर घातलं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणजे आधी कोण म्हणालं?”

मला आठवेना. घरात, दुकानात, दारात, जो तो हेच म्हणत होता.

“दादाची पत्रिका करून दिली तेव्हा मी तुझ्या वडिलांना काय सांगितलं होतं माहीत आहे? पोरगा म्हातारा होऊन जाईल, हातात कसब राहील, नाव काढील.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी चुकले. चुकले ते कबूल. माणसाच्या आयुष्यावर दुसरा माणूस हात टाकतो तेव्हा माझ्यासारखीचं शास्त्र लंगडं पडतं. पण हे जे लाल पेन्सिलीनं लिहिलंय ना, हे शास्त्रच नाही.”

“म्हणजे?”

“उद्या येते मी तुमच्याकडे. कुणाला काही बोलू नकोस. सगळ्यांना सांग, बाई शांतीचं बघायला येतायत.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आणि धाकटे, ज्यानं हे लिहिलं तो तुझ्याकडे पाण्यातूनच येणार. पाण्याला जप.”

३

पाण्याला जप म्हणजे कशाला कशाला जपायचं?

घरी आले तर वहिनीनं पेला पुढे केला. मी तो तसाच धरून उभी राहिले. त्या पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलत होतं. वहिनीनं मला वाढवलं, तिच्या हातचं पाणी मी जन्मभर प्यायले होते, आणि आता मला तो पेला ओठाला लावता येईना.

“का गं? गार हवंय का?”

“नको, तहान नाही.”

तहानेनं जीभ टाळूला चिकटली होती. शेवटी रस्त्यावर जाऊन नळाला तोंड लावलं तेव्हा कुठं बरं वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. न्हाणीघराच्या दारात गेले की पाय मागे यायचे. नळ कुठंतरी टपकत होता. वरच्या टाकीत पाणी भरताना गुरगुर आवाज येतो, तो लहानपणापासून ऐकलेला. आता तो कुणीतरी घसा साफ करून हाक मारतंय असा वाटायला लागला. मनात देवाचं नाव घेत होते, आणि मधेच ते नाव विसरून पेला, बादली, टाकी एवढंच आठवत होतं.

पाहुणा जिन्यात भेटला. “धाकट्या ताई, किती उतरलंय तोंड! मी म्हणतो सोडा हे सगळं. मागे विचारायला आलेली ती मोठी चष्म्यांची कंपनी अजून दुकान घ्यायला तयार आहे, देऊन टाकू. वास्तूच वाईट आहे.”

“दादा नाही म्हणाला होता.”

“दादा होते तेव्हाची गोष्ट.” त्यानं उसासा टाकला. “लिहिलेलं कुणाला चुकत नाही.”

कोठीच्या जळक्या दाराला अण्णा फळी ठोकत होता. त्यानं हातोडी थांबवून आमच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग पुन्हा ठोकायला लागला.

४

बाई आल्या आणि पुढच्या दुकानातच बसल्या. समोर फ्रेमांचे शेकडो रिकामे डोळे, त्यात एवढ्याशा बाई. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

पहिल्यांदा अण्णा आला.

“अण्णा, पत्रिका बघता येते का तुम्हाला?”

“आमच्या घरी बघतात की. आजोबा बघायचे.” त्यानं कागदावर मान वाकवली आणि तोंड वाकडं केलं. “पण हे तुमचं पतंगासारखं चित्र मला कळत नाही बाई. आमच्याकडे दक्षिणेत सरळ चौकोन असतो. राशी जागच्या जागी, आकडा कुठं लिहीतच नाहीत. जिथं लग्नरास, तिथून घरं मोजायची. हे काय, नुसता पाढा लिहिल्यासारखा!”

“दादाशी भांडण झालं होतं तुमचं?”

“रोज व्हायचं. घासलेली काच मी बरी म्हणायचो, तो नाही म्हणायचा. आता कुणाशी भांडू?” तो उठला. दारातून वळून म्हणाला, “हीटर माझ्या टेबलावर असतो. जाताना मी तो बंद करून तिथंच ठेवला होता. फौजदाराला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही.”

मग वहिनी आली. पदर तोंडाला धरून. बाईंनी माझी पत्रिका तिच्यापुढे ठेवायची खोटी, तिनं ती बाजूला सारली.

“मला नका दाखवू. या कागदांनीच माझा जन्म नासला.”

“आठवं घर कुठलं, एवढं दाखव फक्त.”

वहिनी रडता रडता हसली, ते हसू बघवत नव्हतं. “मला? बाई, मला झोपेत उठवून विचारा. माझाच मंगळ आठवा. किती स्थळं परत गेली, किती वेळा माझ्या देखत बोट ठेवून मोजलंय लोकांनी!” तिनं कागद ओढला, वरच्या मधल्या घरावर बोट ठेवलं आणि डावीकडून मोजत आली, एक, दोन, तीन. आठव्या ठिकाणी थांबली. “हे. नवऱ्याला खाणारा मंगळ, म्हणायचे. तुम्ही म्हणालात, भिऊ नकोस, कर लग्न. केलं. आणि खाल्लंच की मी त्यांना!”

“तू नाही खाल्लंस.”

“मग कुणी?”

वहिनी गेल्यावर मी त्या कागदाकडे पाहत राहिले. तिनं बोट ठेवलं होतं तिथं काहीच नव्हतं. लाल वर्तुळ होतं त्याच्या शेजारच्या घरात. माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, रडता रडता मोजायला चुकली असेल बिचारी.

शेवटी पाहुणा आला, खुर्ची उलटी करून बसला. “माझं काय बघताय? माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर.”

“नसू दे. तुझ्या बहिणीला काळजी आहे तुझ्या लग्नाची. ही तुझी पत्रिका. लग्नाचं घर सातवं. कोण बसलंय तिथं, बघू.”

“माझी गिऱ्हाइकी अजून आहे म्हणजे!” तो हसला, वाकला, आणि कागदावर जिथं सात लिहिलं होतं तिथं त्यानं टिचकी मारली. “हे की. शुक्र आहे. चांगला असतो ना?”

“फार चांगला,” बाई म्हणाल्या.

तो शीळ घालत आत गेला. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

“तुझ्या खोलीला लागून न्हाणीघर आहे ना? त्यात तू एकटीच अंघोळ करतेस?”

“हो. बाकीचे खाली.”

“पाणी कशानं तापवतेस?”

“बादलीत रॉड सोडून.”

“ओळखीचा वायरमन बोलाव,” बाई म्हणाल्या. “मागच्या जिन्यानं आण. आत्ता.”

५

वायरमन रॉड उघडून बसला आणि त्यानं जीभच चावली.

“ताई, कालपरवा अंघोळ केली होती का?”

“नाही. भीती वाटत होती.”

“देवानंच भीती घातली.” त्यानं दांड्याच्या आतली सोललेली तार दाखवली. ती रॉडच्या पत्र्याला टेकवलेली होती. मग भिंतीवरची पेटी उघडली. “इथंही तारा उलट्या लावल्यात. तुम्ही बटण बंद केलं असतं, निर्धास्त बादलीत हात घातला असता, आणि...” “वीज बंद झालीच नसती. स्टीलची बादली, ओली फरशी. बघणारा म्हणाला असता, जुना रॉड.”

जुनी मूठ. जुना रॉड.

बाईंनी त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. तो गेला आणि थोड्या वेळानं फौजदारांना घेऊन आला. फौजदार या वेळी हसत नव्हते. ते मागच्या जिन्यातच थांबले. बाईंनी वहिनीला, अण्णाला आणि पाहुण्याला वर बोलावलं. बादली भरलेली, रॉड तिच्यात सोडलेला, बटण बंद.

“शांतीचं पाणी आहे,” बाई म्हणाल्या. “पण आधी मला थोडं बोलायचंय.”

त्यांनी दादाची पत्रिका उघडली.

“या चित्रात घरांच्या जागा ठरलेल्या असतात. वरचं मधलं पहिलं घर, तिथून डावीकडे मोजत जायचं. आत लिहिलेले आकडे घरांचे नव्हेत, राशींचे. दादाची लग्नरास, म्हणजे जन्मवेळी उगवत होती ती रास, कुंभ, म्हणून पहिल्या घरात अकरा लिहिलेत. त्याचं आठवं घर हे, इथं सहा लिहिलेत, कन्या. तिथं गुरू आहे. असा गुरू दीर्घायुष्य देतो म्हणतात. आणि मंगळ कुठं आहे? आठ आकडा आहे तिथं. पण आठ म्हणजे वृश्चिक रास, आणि ती आली दहाव्या घरात. कर्माच्या घरात, स्वतःच्या राशीतला मंगळ. याला रुचक योग म्हणतात. या पत्रिकेतला सगळ्यात सुंदर योग. ज्यानं त्याला आगीचं मरण म्हटलं, त्यानं आकडाच घर समजून वाचला.”

“आणि माझा चंद्र?” मी विचारलं.

“तुझी लग्नरास मीन. आठवं घर रिकामं. चंद्र आठ आकड्यात, म्हणजे नवव्या घरात. भाग्याच्या. वृश्चिकेतला चंद्र जरा दुबळा, मन घाबरट करतो, एवढंच.” त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. “दोन्ही कागदांवर एकच चूक. म्हणजे एकच माणूस. अण्णा ही चूक करणार नाही, त्याच्याकडे आकडे लिहीतच नाहीत. तो चुकला असता तर वेगळीकडेच चुकला असता. वहिनीनं तर मघाशी त्या कागदावर डोळे भरलेले असताना बरोबर घर मोजलं. उरला तो, ज्यानं ‘आठवा मंगळ’ हे शब्द बहिणीच्या लग्नापायी लहानपणापासून ऐकले, त्यांची दहशत पाहिली, पण मोजायला कधी शिकला नाही. ज्यानं मघाशी सातवं घर विचारल्यावर सात आकड्यावर टिचकी मारली.”

सगळ्यांनी पाहुण्याकडे पाहिलं.

“वा!” तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. “मला पत्रिका वाचता येत नाही म्हणून मी खुनी?”

“नाही. खुनी म्हणायला अजून काही हवं. तू या बादलीत हात घाल. बटण तर बंद आहे.”

तो हलला नाही.

“घाल की रे,” अण्णा म्हणाला. “पाणीच आहे.”

“कसला पोरखेळ लावलाय!” पाहुणा ओरडला. “ताई, तू तरी सांग ना यांना!”

वहिनी पुढे आली. तिचा चेहरा मला ओळखू येईना. “माझ्या भावावर आळ घेताय? त्यांचे दिवस झाले नाहीत अजून, आणि माझ्या माहेरच्या एकुलत्या माणसाला...? तो कशाला, मी घालते हात.” तिनं बाही वर सारली आणि ती वाकली.

“ताई, नको! वीज आहे त्यात!”

त्यानं तिला ढकलायला झेप घेतली, पण न्हाणीघर लहान, मधे अण्णा, आणि वहिनीचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला होता.

काही झालं नाही. वायरमननं फ्यूज काढून खिशात घातला होता.

नळाचा एक थेंब पडला. मग दुसरा. पाहुणा उंबऱ्यावर बसला होता, हात डोक्यावर घेऊन. जिन्यावरून फौजदारांचे बूट वाजत वर आले.

“लिहिलेलंच होतं ते,” तो जमिनीकडे बघत पुटपुटत होता. “मी नसतं केलं तरी झालंच असतं. पत्रिकेतच होतं. मी फक्त लवकर... ताईसाठीच, तुम्ही दोघं गेल्यावर दुकान तिचंच झालं असतं, विकून ती सुखात राहिली असती...”

“लिहिलेलं वाचायला तरी शिकायचं होतंस,” बाई म्हणाल्या, इतक्या हळू की फौजदारांना ऐकू गेलं नसावं.

त्याला खाली नेलं. जाताना त्यानं दोनदा “ताई” म्हणून हाक मारली. वहिनीनं मागे पाहिलं नाही. ती तशीच वाकून उभी होती, हात पाण्यात.

“तुझ्या मंगळानं नाही खाल्लं त्याला,” बाई म्हणाल्या. “आता तरी पटेल?”

“ग्रह असता तर बरं झालं असतं,” वहिनी म्हणाली.

मला त्या बादलीची अजून भीती वाटत होती. फ्यूज वायरमनच्या खिशात आहे हे माहीत असून वाटत होती. तरी मी पाण्यात हात घातला, तिची गार पडलेली बोटं शोधली आणि तिला बाहेर ओढून घेतलं.